नाक का चोंदते, हे आधी पाहावे

ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो, दाढ दुखू लागली की रात्र बसून काढतो, पण वर्षानुवर्षे नाक चोंदलेले असले तरी त्याला आजार म्हणायला आपल्याकडे सहसा कोणी तयार होत नाही. ‘तिचा सर्दीचा कोठा आहे’ एवढे म्हटले की विषय मिटतो. ज्याला हा त्रास आहे त्याचे मात्र दिवसरात्र त्यानेच व्यापलेले असतात. रात्री नाक बंद होते म्हणून तोंड उघडे पडते, सकाळी घसा कोरडा पडलेला आणि जीभ टाळ्याला चिकटलेली असते, डोके जड असते, स्वयंपाकघरातली फोडणी जळाली तरी वास येत नाही, आणि जेवताना घास चावायचा की श्वास घ्यायचा अशी ओढाताण होते. शेजारी झोपणाऱ्याला घोरण्याचा त्रास होतो तो वेगळाच.

मी सांगलीत राहते आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात हा त्रास एका माणसापुरता नाही. सासऱ्यांची उभी हयात मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत गेली आणि त्यांचे नाक कधी मोकळे असल्याचे घरातल्या कोणाला आठवत नाही. मला स्वतःला धुळीची ॲलर्जी आहे. माझा मावसभाऊ गळीत हंगामात उसाची वाहतूक करतो आणि त्याच्या शर्टाच्या खिशात नाकात घालायच्या थेंबांची बाटली परवापरवापर्यंत कायम असे. तिघांचेही नाक चोंदते, तिघांच्याही नाकात सूज आहे, पण तिघांची कारणे निरनिराळी आहेत आणि म्हणून उपायही निरनिराळे आहेत. हे नीट समजून न घेता लोक एकमेकांचे थेंब, एकमेकांच्या गोळ्या आणि एकमेकांच्या शस्त्रक्रियेचे सल्ले वापरतात, याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आतल्या अंगाला शिंपल्याच्या आकाराची, वळलेली हाडे असतात आणि त्यांच्यावर जाड, ओलसर, रक्ताने भरलेली त्वचा असते. यांना टर्बिनेट म्हणतात. प्रत्येक बाजूला साधारण तीन असतात: वरचे, मधले आणि खालचे. वरचे व मधले टर्बिनेट दोन्ही डोळ्यांच्या मधोमध असलेल्या एका जाळीदार हाडाचेच भाग आहेत, खालचे मात्र स्वतंत्र हाड आहे आणि तेच सर्वांत मोठे असते. नाक चोंदण्याची तक्रार बहुतेक वेळा या खालच्या टर्बिनेटशी निगडित असते, कारण त्याच्या त्वचेखाली शिरांचे असे जाळे असते की त्यात रक्त साठले की ते भिजलेल्या स्पंजासारखे फुगते आणि रक्त ओसरले की आकसते.

हे फुगणे आणि आकसणे हा दोष नाही, ते त्याचे कामच आहे. आपण दिवसभरात १०,००० लिटरहून अधिक हवा आत घेतो. ती थंड असते, कोरडी असते, धुळीची असते, आणि नाकपुडीपासून घशाच्या वरच्या भागापर्यंतच्या काही सेंटिमीटरच्या प्रवासात ती साधारण ३१ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरून आणि बऱ्यापैकी गाळून फुप्फुसांकडे पाठवायची असते. टर्बिनेटवरून वाहणारा चिकट द्राव धूळ पकडतो आणि त्याखालचे सूक्ष्म केस तो मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे ढकलत राहतात. श्वासमार्गातला जवळजवळ निम्मा अडथळा एकट्या नाकात असतो, आणि तो तिथे असणे गरजेचे आहे, कारण हवा टर्बिनेटला घासून गेली नाही तर ती तापणार नाही आणि ओलीही होणार नाही. मी वर्गात हा भाग शिकवते तेव्हा मुलांना फुप्फुसांचे चित्र काढायला आवडते. नाकाच्या आतले चित्र कोणी काढत नाही.

आणखी एक गोष्ट जाणून घेतली की निम्मी भीती कमी होते. बहुतेक निरोगी माणसांत दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास डावी बाजू थोडी फुगलेली आणि उजवी मोकळी असते, मग ते उलटते. स्वरयोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पूर्वीच टिपले होते. ते डाव्या बाजूला चंद्रस्वर आणि उजव्या बाजूला सूर्यस्वर म्हणतात. आधुनिक वैद्यकात या आळीपाळीचे वर्णन रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये केले. कुशीवर झोपल्यावर खालच्या बाजूची नाकपुडी बंद होते आणि कूस बदलल्यावर दुसरी होते, हेसुद्धा नैसर्गिक आहे. ज्याचे नाक मुळात रुंद आहे त्याला हे कळतही नाही. ज्याचा मधला पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली भिंत, वाकडा आहे किंवा ज्याच्या टर्बिनेटला कायमची सूज आहे, त्याला मात्र ही आळीपाळी प्रत्येक फेरीत जाणवते आणि तो म्हणतो, ‘कधी ही बाजू बंद, कधी ती.’

सांगलीला लागून मिरज असणे हे आपले भाग्य आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय उभे केले तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले, आणि आज कान-नाक-घशाच्या तज्ज्ञासाठी आपल्याला पुण्या-मुंबईकडे पाहावे लागत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मिरज आणि सांगली येथील रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हा विभाग आहे, आणि खासगी दवाखाना परवडत नाही म्हणून त्रास अंगावर काढणाऱ्यांनी तिथे अवश्य जावे.

माझी तपासणी मिरजेतल्या एका तज्ज्ञांनी केली. त्यांनी बारीक दुर्बीण नाकात घातली आणि समोरच्या मॉनिटरकडे पाहायला सांगितले. फिकट, किंचित निळसर झाक असलेला, ओला, गोलसर उंचवटा मधल्या पडद्याला जवळजवळ टेकलेला होता आणि त्याच्या मागचे काहीच दिसत नव्हते. मग त्यांनी औषधात भिजवलेली कापसाची पट्टी आत ठेवली, थोडा वेळ थांबले, ती काढली आणि पुन्हा दुर्बीण घातली. तोच उंचवटा आता निम्म्याहून लहान झाला होता, त्याच्या खालून मागे जाणारी वाट उघडली होती आणि थेट घशाच्या तोंडापर्यंतचे दिसत होते. ‘मॅडम, तुमचे हाड वाढलेले नाही. ही सूज आहे आणि ती उतरते,’ असे ते म्हणाले. औषध लावूनही आकार उतरला नसता तर हाडाचाच भाग मोठा आहे असे मानून पुढचा विचार वेगळा झाला असता. तो फिकट निळसर रंगही त्यांनी मुद्दाम दाखवला, कारण ॲलर्जीच्या सुजेत त्वचा बऱ्याचदा अशी दिसते, तर साध्या सर्दीत ती लालभडक असते.

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक फरक समजावून सांगितला. लोक ‘नाकात मांस वाढले आहे’ म्हणतात तेव्हा त्यात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे सुजलेले टर्बिनेट, जे प्रत्येकाच्या नाकात असतेच. दुसरी म्हणजे पॉलिप, म्हणजे द्राक्षाच्या मण्यासारखा करडा, मऊ फुगवटा, जो मूळ रचनेचा भाग नसतो आणि स्पर्श केला तरी सहसा दुखत नाही. तिसरी म्हणजे वाकडा मधला पडदा. पडदा डावीकडे झुकलेला असला की उजवीकडे जागा जास्त होते आणि त्या मोकळ्या बाजूचे टर्बिनेट हळूहळू वाढून ती जागा भरते, त्यामुळे पुष्कळदा माणसाची तक्रार पडदा ज्या बाजूला झुकला आहे त्याच्या उलट बाजूची असते. आरशात पाहून किंवा टॉर्च मारून हे घरी ठरवता येत नाही.

आता कारणांकडे येते, आणि इथे आपला जिल्हा आड येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, सांगलवाडी, हरिपूर, नदीकाठची सगळी वस्ती पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाळ काढला, भिंती धुतल्या, चुना दिला, पण विटांच्या आत मुरलेली ओल पुढचे कित्येक महिने बाहेर येत राहिली. कपाटामागे काळे ठिपके, गाद्यांना कुबट वास, भिंतीच्या खालच्या हातभर उंचीवर पोपडे. ही बुरशी डोळ्यांना दिसते ती कमी आणि हवेत असते ती जास्त. ओल वाढली की धुळीतले अतिसूक्ष्म किडेही वाढतात, ज्यांना डस्ट माइट म्हणतात. ते गादी, उशी, रजई आणि जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांत राहतात, आपल्या त्वचेच्या गळून पडलेल्या कणांवर जगतात आणि त्यांच्या विष्ठेतली प्रथिने श्वासावाटे आत गेली की ॲलर्जी असलेल्या माणसाचे नाक सुजते. ज्याला सकाळी उठल्या उठल्या ओळीने शिंका येतात, नाकाला आणि डोळ्यांना खाज सुटते आणि दुपारपर्यंत बरे वाटू लागते, त्याने आपल्या गादीचा विचार आधी करावा. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, शक्य झाल्यास ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत, गाद्यांना ऊन द्यावे, आणि गादी झटकण्याचे काम ज्याला त्रास आहे त्याने करू नये. कापसाच्या जुन्या गादीचा मोह सोडणे सर्वांत कठीण असते हे मला माहीत आहे, कारण ती आईने भरून दिलेली असते.

हळदीची गोष्ट वेगळी आहे. हळद काढली जाते, शिजवली जाते, वाळवली जाते आणि मग पॉलिश करण्याच्या ढोलात फिरवली जाते, तेव्हा तिच्या सालीची आणि मातीची बारीक धूळ उठते. यार्डात सौद्याच्या वेळी पोत्यांतून हळद ओतली जाते तेव्हा तीच धूळ हातभर उंचीवर तरंगत राहते. सासरे संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या रुमालावर नाक पुसल्याच्या जागी पिवळे चट्टे असत आणि ते कितीही धुतले तरी पूर्ण जात नसत. त्यांना शिंका नव्हत्या, खाज नव्हती. फक्त नाक गच्च आणि घशात सतत कफ. ही बहुतेकदा ॲलर्जी नसते, ती धुळीने होणारी चिडचिड असते, आणि तिथे ॲलर्जीच्या गोळीपेक्षा तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क जास्त उपयोगी पडतो. गळ्यातले उपरणे नाकावर गुंडाळण्याची रीत आहे, पण त्यातून बारीक धूळ सहज जाते. हमाली करणाऱ्या माणसाला दिवसभर मास्क लावून पोते उचलणे किती जड जाते हे मी पाहिले आहे, म्हणून किमान ओतण्याच्या आणि झाडण्याच्या वेळी तरी तो लावावा असे मी म्हणते.

तासगावकडे बेदाण्याच्या हंगामात गंधकाची धुरी देतात, तिचा वायू नाकाला झोंबतो. ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवतात, तेव्हा गावेच्या गावे धुराखाली जातात. पाचट सरीत कुजवले तर जमिनीचे भले होते आणि आमच्यासारख्यांच्या नाकाचेही. पावसाळ्यात रस्त्याकडेला आणि पडीक रानात गाजर गवत पांढरे फुलते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी गवत आता सगळीकडे आहे आणि त्याच्या परागांची ॲलर्जी पुष्कळांना असते.

याशिवाय काही कारणे बाहेरच्या हवेत नसून शरीरातच असतात. गरोदरपणात अनेक स्त्रियांचे नाक चोंदते आणि बाळंतपणानंतर आपोआप मोकळे होते. थायरॉइड मंदावल्यावर, रक्तदाबाच्या काही औषधांनी आणि दारूनेही सूज येते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात.

सर्वांत जास्त मला ज्याबद्दल सांगायचे आहे ते म्हणजे थेंब. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या बाटलीत ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असते. ते टर्बिनेटमधल्या शिरा आवळते, त्यामुळे काही मिनिटांत नाक मोकळे होते आणि कित्येक तास मोकळे राहते. सर्दीत झोप येत नसेल, विमानप्रवास असेल किंवा डॉक्टरांना तपासणी करायची असेल तेव्हा ते उत्तम औषध आहे. पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे ते रोज घालत राहिले की शिरा त्याला सरावतात, परिणाम लवकर ओसरतो आणि ओसरल्यावर पूर्वीपेक्षा जास्त सूज येते. मग माणूस पुन्हा थेंब घालतो. मूळची सर्दी केव्हाच गेलेली असते, आता नाक चोंदते ते थेंबांमुळे, आणि त्यावरचा उपाय म्हणून तो थेंबच घालत असतो. या अवस्थेला औषधजन्य सूज म्हणतात.

मावसभाऊ याच चक्रात होता. उसाच्या ट्रॉलीवर रात्रभर जागायचे, कारखान्याच्या वजनकाट्यासमोरच्या रांगेत तासन्‌तास थांबायचे, चहूबाजूंनी धूळ आणि धूर, अशा कामात नाक बंद असणे सहन होत नाही हे खरेच आहे. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, ‘अक्का, तंबाखू सोड म्हण, सोडतो. पण ही बाटली सोड म्हणू नकोस. ही नसली की छातीत धडधड होते, वाटतं आता जीव जातोय.’ त्याला कोणी रागावून उपयोग नव्हता. त्याला मिरजेच्या त्याच डॉक्टरांकडे नेले आणि त्यांनी एक साधी योजना आखून दिली: नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दोन्ही बाजूंना रोज सुरू करायचा, थेंब मात्र एकाच नाकपुडीतून बंद करायचे आणि दुसऱ्या नाकपुडीत चालू ठेवायचे, म्हणजे एका बाजूने श्वास घेता येतो आणि घाबरगुंडी उडत नाही. पहिली बाजू सुटी झाली की मग दुसरी. सुरुवातीच्या रात्री त्याने उशा उंच करून, अर्धवट बसून काढल्या. पण बाटली सुटली, आणि खाली जी सूज मुळात होती तीच उरली, जिच्यावर आता उपचार करता येतो. ज्याला रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्याने आणि लहान मुलांच्या आईवडिलांनी हे थेंब विचारल्याशिवाय वापरूच नयेत.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की लोक दचकतात. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारखे स्प्रे नाकाच्या त्वचेवरच काम करतात आणि रक्तात अत्यल्प उतरतात. पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांशी त्यांची तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे. ते थेंबांसारखे पाच मिनिटांत काम करत नाहीत, त्यांचा पूर्ण परिणाम यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बाटली ठेवून देतात. शिवाय मारण्याची पद्धत चुकते. बाटली हलवावी, नाक हलकेच शिंकरून साफ करावे, हनुवटी किंचित खाली घ्यावी, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावे, नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने असावे, आणि मारताना हळूच श्वास घ्यावा. जोरात ओढले की औषध सरळ घशात जाते आणि कडू लागते, नाकाला काहीच मिळत नाही. पडद्यावर रोज फवारा बसला तर तिथे खपल्या धरतात आणि रक्त येते.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा मला स्वतःला सर्वांत मानवलेला उपाय आहे. जलनेती आपल्याकडे नवी नाही. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ हे प्रमाण शरीरातल्या द्रवांशी जुळते, त्यामुळे झोंबत नाही. एकच पथ्य कडक पाळावे: पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड असावे. नळाचे, बोअरचे किंवा नदीचे पाणी तसेच नाकात घालू नये. गोड्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा संसर्ग दुर्मीळ आहे पण जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो, आणि केरळात २०२४ व २०२५ मध्ये मेंदूला अमीबाची बाधा झालेले रुग्ण आढळले आहेत. तेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, म्हणून लोक गाफील राहतात.

वाफाऱ्याने थोडा वेळ बरे वाटते, पण उकळत्या पाण्याचे पातेले लहान मुलासमोर ठेवून वर चादर पांघरण्याची रीत सोडलीच पाहिजे, कारण पातेले कलंडून मुले भाजतात. सर्दीच्या गोळ्यांबद्दल एवढेच सांगते की सेटिरिझिनसारख्या गोळ्या शिंका आणि खाज थांबवतात, चोंदणे त्यांनी फारसे सुटत नाही. पुष्कळ गोळ्यांत असणारे फेनिलेफ्रिन तोंडाने घेतल्यास नाक मोकळे करण्यात निरुपयोगी ठरते, असे मत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिले आहे. मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते; त्याच प्रशासनाने तिच्या मनावर आणि झोपेवर होणाऱ्या परिणामांबद्दल २०२० मध्ये सर्वांत गंभीर स्वरूपाचा इशारा छापायला लावला. घरातले मूल ही गोळी घेऊ लागल्यावर चिडचिडे झाले किंवा रात्री दचकून उठू लागले, तर डॉक्टरांना तसे सांगावे.

मेंथॉलचे बाम आणि इनहेलर यांची गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार महत्त्वाची वाटते. मेंथॉल हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते, पण मोजमाप केले तर वाट पूर्वीइतकीच अरुंद असते. नाकाच्या त्वचेत थंडावा ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, असतो, टीआरपीएमएट. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापौटियन यांनी तो २००२ मध्ये स्वतंत्रपणे शोधला, आणि तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी दोघांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आत जाणारी हवा त्वचेला गार करते, तो गारवा या ग्राहकाला जाणवतो आणि मेंदू समजतो की श्वास चालू आहे. मेंथॉल गारवा नसताना तीच जाणीव देते. म्हणजे नाक मोकळे असणे आणि ते मोकळे वाटणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

शस्त्रक्रियेचा विचार करताना हीच बाब निर्णायक ठरते. एके काळी खालचे टर्बिनेट पूर्णपणे कापून काढण्याची पद्धत होती. वाट रुंद होई, पण काही रुग्णांना त्यानंतर नाक पूर्ण उघडे असतानाही गुदमरल्यासारखे वाटू लागले, आत कोरडेपणा आणि खपल्या राहू लागल्या, झोप उडाली. हवेचा स्पर्श जाणणारी त्वचाच उरली नव्हती. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. यूजीन कर्न यांनी १९९४ मध्ये या अवस्थेला रिकाम्या नाकाचा विकार असे नाव दिले. तो फार जणांना होत नाही, पण झाला तर कापलेले परत आणता येत नाही. म्हणून आता वरची त्वचा राखून आतला फुगीर भाग रेडिओ लहरींच्या उष्णतेने किंवा बारीक यंत्राने कमी करतात, किंवा हाड बाहेरच्या बाजूला किंचित सरकवतात. ॲलर्जीवर उपचार न करता केवळ शस्त्रक्रिया केली तर सूज पुन्हा येऊ शकते, हेही डॉक्टर आधीच सांगतात. ‘तुम्ही नेमका किती भाग काढणार, त्वचा राखणार का, आणि माझ्या सुजेचे कारण काय ठरले,’ हे विचारायला कोणीही संकोचू नये. चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नांनी रागावत नाही.

काही वेळा मात्र थांबू नये. नाकाची एकच बाजू कायम बंद आणि त्यातून रक्त येत असेल, चेहऱ्याची एक बाजू सुजली किंवा बधिर झाली असेल, डोळ्याभोवती सूज येऊन दिसण्यात फरक पडला असेल, तर त्याच आठवड्यात, आणि डोळ्याची तक्रार असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा शेंबूड वाहत असेल तर आत चिंचोका, मणी किंवा हरभरा अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. मूल रोज तोंड उघडे टाकून झोपते, घोरते आणि वर्गात पेंगते तेव्हा टर्बिनेटपेक्षा नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या गाठीची तपासणी आधी करावी लागते. अशी मुले मला दरवर्षी वर्गात दिसतात आणि मी पालकांना बोलावून सांगते, कारण घरी त्यांना आळशी म्हटले जात असते.

मला स्वतःला शस्त्रक्रियेची गरज नाही. स्प्रे, मिठाचे पाणी आणि गादीची शिस्त एवढ्यावर माझे चालते. मावसभावाच्या सीटी स्कॅनमध्ये पडदा डावीकडे बराच वाकलेला आणि उजवे टर्बिनेट हाडासकट मोठे आढळले, त्यामुळे पडदा सरळ करणे आणि त्याच वेळी त्वचा राखून टर्बिनेट थोडे कमी करणे असे ठरले आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाकात खपल्या धरतात, रोज मिठाच्या पाण्याने धुवावे लागते आणि धुळीपासून लांब राहावे लागते. ट्रॉली चालू असताना हे जमणार नाही, म्हणून डॉक्टरांनी गळीत हंगाम संपल्यानंतरची तारीख दिली आहे.